बारावी शिवी

फातिक, १४ जानेवारी १९९२

लांदिंग,

अक्षर ओळखीचं वाटलं नाही तर खाली सही बघ. लातीर फाय. मेलेलो नाही. तुमच्या गावात आमच्याबद्दल कोण काय सांगत असेल ठाऊक नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

एकोणतीस वर्षं झाली. मधे तू दोनदा लिहिलंस, वडील गेले तेव्हा आणि आई गेली तेव्हा. दोन्ही वेळा 'आपण', 'आपले', 'आपल्या दुःखात सहभागी'. कचेरीतून यावं तसं पत्र. आईच्या मयतीला मी वाटेकडे डोळे लावून बसलो होतो. आम्हा सेरेर जमातीच्या घरी कुणी गेलं की तुमच्या जोला जमातीच्या माणसाने यायचं, प्रेताच्या उशाशी बसून 'ऊठ गं म्हातारे, सोंग पुरे झालं, चूल कोण पेटवणार' म्हणायचं आणि रडणाऱ्या बायकांना हसवायचं. आमच्या घरातलं ते काम तुझं होतं. त्या दिवशी आमच्या अंगणात कुणी हसलं नाही.

म्हातारे सांगायचे ते आठवतं? दोन बहिणी एका होडीत होत्या, होडी फुटली, एक उत्तरेच्या काठाला लागली, एक दक्षिणेच्या. आम्ही थोरलीची पोरं, तुम्ही धाकटीची. (उलट आहे असं तू म्हणशील. म्हण.) तेव्हापासून सेरेराने जोलाला गुलाम म्हणायचं, जोलाने सेरेराला, एकमेकांच्या ताटातलं उचलायचं, तोंडाला येईल ते बोलायचं, आणि राग मात्र धरायचा नाही. माझ्यासारख्या माणसाला त्या नियमाची केवढी सोय होती. साऱ्या दुनियेवर मी भडकू शकत होतो, फक्त तुम्हा लोकांवर नाही. आणि मोडला तो नेमका तोच नियम.

डाकारची आपली खोली आठवते? पत्र्याची, मेदिना वस्तीतली. चटई एक, लंगोट दोन, आणि वस्तादाने दिलेल्या कडू औषधी पाण्याच्या बाटल्या, ज्यातलं तू अर्धं ओतून देऊन साधं पाणी भरायचास. पहाटे समुद्रकाठी पळायचो, वाळूत एकमेकांना आपटायचो, आणि तू हरलास की म्हणायचास, 'गुलामाला खूश ठेवावं लागतं.' आखाड्यात ढोल सुरू झाले की माझं डोकं फिरायचं. समोरच्याने थप्पड मारली की डाव दिसायचे बंद, नुसतं त्याचं तोंड दिसायचं. मग कडेने तुझा आवाज यायचा, 'अरे ए, बाजरी पाखडताना आईने चुकून ठेवून घेतलेल्या खड्या.' माझ्या पोटात हसू उठायचं. राग आणि हसू एका पोटात मावत नाहीत. मग डाव दिसायला लागायचे. सतरा कुस्त्या मी अशा मारल्या. लोक म्हणायचे लातीरचा ताईत भारी आहे. ताईत कसला, तू होतास.

आता खरं काय ते सांगतो. तुझ्या शिव्या मी जपून ठेवल्या आहेत. अकरा आहेत. राग चढला की मनातल्या मनात म्हणतो, तुझ्याच आवाजात. गाडीच्या क्लीनरशी वाजलं तर 'मिठागरातलं गाढव' पुरतं. भावकीत बसायचं असलं तर 'उपाशी बगळा'. फारच झालं तर 'खडा'. बारावीही आहे, पण ती मी मोजत नाही. तिच्यापायी मी तुला मारलं.

पण शिव्यासुद्धा झिजतात रे. हल्ली 'गाढव' म्हटलं तरी आत काही हलत नाही. गेल्या पावसाळ्यात मी पाण्याचा रांजण फोडला. कारण आठवत नाही, एवढं लहान होतं. सिगाने, माझ्या बायकोने, खापऱ्या गोळा करून अंगणाच्या कडेला रचून ठेवल्या. पण माझी नात दिबोर तिथेच उभी होती. चार वर्षांची आहे. त्या दिवसापासून ती माझ्याजवळ येत नाही. भांड्यांच्या मागून बघते.

एक नवी शिवी पाठव. एकच पुरे. चांगली घसघशीत बघून पाठव.

लातीर


बिन्योना, ९ फेब्रुवारी १९९२

आदरणीय श्री. लातीर फाय यांस,

सादर सलाम.

आपले पत्र पोचले. आपली प्रकृती ठीक आहे हे वाचून समाधान वाटले. इकडे सर्व कुशल आहे. भात कापून झाले, कोठारे भरली. माझ्या दोन्ही मुलींची लग्ने झाली.

खांद्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी कळवतो की तो एका हंगामातच बरा झाला होता. लांब दांड्याच्या फावड्याने मी आजही शेत उलटतो. त्याविषयी आपण मनाला लावून घेऊ नये.

आपण मागितलेली वस्तू माझ्यापाशी नाही. शोधून पाहिली.

आपल्या पत्नीस सलाम व नातीस आशीर्वाद.

आपला नम्र,
लांदिंग सांबू

ता. क. रांजणाच्या खापऱ्या उचलून टाकाव्यात. लहान मुलांच्या पायाला लागतात.


फातिक, २० फेब्रुवारी १९९२

लांदिंग सांबू,

'आदरणीय'? 'आपला नम्र'? मी तुझ्याकडे मागितलं काय आणि तू दिलंस काय? तुला माझ्यावर थुंकायचं असेल तर सरळ थुंक. हा आदर थुंकण्यापेक्षा वाईट आहे. म्हणे वस्तू नाही. दुकान थाटलंयस का? तुझ्या तोंडून शिव्या कशा बाहेर पडायच्या ते मी चार वर्षं ऐकलंय, झोपेतसुद्धा देत होतास. माझ्यासाठी नाहीत एवढंच म्हण. बस तुझ्या भाताच्या कोठारावर जाऊन. मला काही नको तुझं.

२१ फेब्रुवारी, सकाळ

वरचं काल लिहिलं. लिहिताना पेन मोडलं, खाली शाईचा डाग पडलाय तो त्याचाच. फाडून नवं लिहिणार होतो. मग वाटलं, तुला माहीतच आहे मी कसा आहे, झाकून काय करू. पण एक सांगतो, सही करायच्या आधी मी झोपलो. पूर्वी झोपलो नसतो, तसाच टपालाच्या पेटीपर्यंत पळत गेलो असतो. पंचावन्न वर्षांत एवढी प्रगती आहे.

त्या दिवशीचं मी कधी कुणाला सांगितलं नाही, सिगालाही नाही. तुला सांगतो.

सालातली सगळ्यात मोठी कुस्ती होती. थिएस गावचा तो डोंगराएवढा पैलवान समोर. मी जिंकत होतो, लांदिंग. त्याची कंबर माझ्या हातात आली होती, सुटली, पुन्हा आली असती. मग त्याने थप्पड मारली. ढोल इतके वाजत होते की तुझा आवाज आला नाही. मी डोकं खाली घालून बैलासारखा धावलो आणि तो नुसता बाजूला झाला. दोन हात, दोन गुडघे वाळूत. चार टेकले की हरलास. पापणी लवायच्या आत संपलं. सगळं मैदान हसलं.

खोलीवर आलो तर मधे भाताची मोठी परात, भोवती तालमीतली सगळी बसलेली. आणि तू म्हणालास, 'माझा गुलाम आज चार पायांवर घरी आला. कुणीतरी दावं आणा रे.' सगळे हसले. तुझा हक्कच होता तो. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तुझ्या पुढ्यातला मासा उचलून खाल्ला असता आणि हसलो असतो.

मुसळ भिंतीला टेकवलेलं होतं. ते माझ्या हातात कसं आलं ते आठवत नाही. तुझ्या हाडाचा आवाज आठवतो. नंतर कुणीतरी परात बाजूला सरकवली, तेही आठवतं.

मी चुकलो. हे दोन शब्द मी तेव्हा म्हणायला हवे होते. तू दुसऱ्या दिवशी बोचकं घेऊन निघालास, मी दारात उभा होतो, आणि मी म्हणालो, 'चटई राहिली तुझी.' चटई. एकोणतीस वर्षं मला त्याची लाज वाटते.

तू आदराने मारतोयस ते बरोबर आहे. मार.

लातीर


फातिक, ३ मे १९९२

लांदिंग भाऊजी,

मी सिगा, लातीरची बायको. आपली गाठ पडलेली नाही. बायकांच्या प्रौढ वर्गात तीन वर्षं अक्षरं गिरवली ती बहुतेक या पत्रासाठीच. ह्यांना माहीत नाही मी लिहितेय, तुम्हा दोघांची पत्रं मी वाचलीत हेही माहीत नाही.

तुमचं पत्र येऊन तीन महिने होत आले. दर गुरुवारी टपालाची गाडी येते आणि दर गुरुवारी हे सहज म्हणून रस्त्याकडे फिरायला जातात.

ह्यांची वकिली करायला मी बसलेली नाही. या माणसाने माझे तीन रांजण, एक दार आणि जावयाचा रेडिओ फोडलाय. पंचाला मारलं म्हणून दोन हंगाम कुस्ती बंद झाली होती, ते तुम्ही गेल्यानंतर. माझ्यावर आणि मुलांवर मात्र कधी हात उचलला नाही. हात भिंतीवर आपटायचे. दोन बोटं कायमची वाकडी झालीत. गावात सगळे त्यांना मान देतात आणि सगळे त्यांच्यापासून दोन पावलं लांब बसतात.

आता ऐका. गेल्या रविवारी गावच्या कुस्त्या होत्या. लोकांनी ह्यांना पंच केलं. मी नको नको म्हणत होते. शेवटच्या कुस्तीत शेजारच्या गावचा एक दांडगा पैलवान पडला, अगदी पाठ टेकली, मी स्वतः पाहिलं. त्याला निकाल पटला नाही. त्याने मूठभर वाळू घेऊन ह्यांच्या तोंडावर मारली आणि म्हणाला, 'म्हाताऱ्या, डोळे कुठे ठेवून आलास?'

ढोल थांबले. माझ्या शेजारची बाई पोरांना मागे ओढायला लागली. ह्यांचे डोळे वाळूने भरलेले, मूठ आवळलेली. मी पुढे गेले. धरून काही उपयोग नसतो, तरी गेले. जवळ पोचले तेव्हा ऐकू आलं, ओठातल्या ओठात चाललं होतं. मिठागरातलं गाढव. उपाशी बगळा. आईने ठेवून घेतलेला खडा. पुढच्या काही मला लिहिता येत नाहीत, लाज वाटते. अकरा झाल्या. मूठ तशीच. मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. चौथ्या वेळी मूठ सुटली आणि हे होते तिथेच वाळूत बसले. त्या पैलवानाला म्हणाले, 'तू पडलास. घरी जा, जेव.'

गावाने वाहवा केली. घरी आल्यावर मी डोळे धुवायला पाणी ओतत होते तेव्हा म्हणाले, 'सिगा, पाचव्यांदा पुरल्या नसत्या.'

हे गंमत म्हणून मागत नाहीयेत, भाऊजी. जवळचं संपत आलंय. आणि माझी दिबोर अजून भांड्यांच्या मागेच आहे.

तुम्ही जोला, मी सेरेर, म्हणजे तुम्ही माझेही गुलामच. म्हणून विनंती करत नाही, हुकूम करते. लिहा.

सिगा


बिन्योना, २४ मे १९९२

लातीर,

वर डाग दिसतोय तिथे 'आदरणीय' लिहिलं होतं. खोडलं.

मला कुणाचं पत्र आलं ते विचारू नकोस. एका मालकिणीचा हुकूम आला एवढंच समज.

तू धरून चाललायस की मी रागावलोय. राग असता तर एका पावसाळ्यात वाहून गेला असता, आम्हा लोकांना राग टिकवता येत नाही. मला तुझी भीती बसली, लातीर. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. खांद्याचं हाड एका हंगामात जुळलं, ते खरंच आहे. पण आमच्या घरात दोन वेळा भात कांडतात. रोज मुसळाचा आवाज. रोज सकाळी अंथरुणातच माझं अंग आक्रसायचं. सहा फुटांचा पैलवान, आणि बायकोने कांडायला घेतलं की शेताकडे निघून जायचो. तिला वाटायचं नवरा फार कष्टाळू आहे.

आपण ज्याला भितो त्याची चेष्टा करता येत नाही. मी करून बघितली. तुझे वडील गेले तेव्हा तुला पत्र लिहायला बसलो, 'माझ्या गुलामा' असं लिहिलं आणि हात थांबला. मग 'आदरणीय' लिहिलं, तर पत्र आपोआप पुढे गेलं. तेव्हापासून तेच पाठवतोय. तुझ्याकडे ते थुंकीसारखं पोचेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

तुझ्या आईच्या मयतीला मी निघालो होतो. नदीपर्यंत आलो. गाडी तराफ्यावर चढली आणि मी उतरलो. डाकारला यायची तेव्हा माझ्या पुढ्यात सगळ्यात मोठा मासा ठेवून 'खा रे भातखाऊ, तुमच्याकडे कुठे मिळतो' म्हणायची ती म्हातारी. ती कुणी न हसवता गेली. ते तुझ्या नाही, माझ्या माथ्यावर आहे. तू चुकलास आणि मीही चुकलो.

तुझी नात भांड्यांमागून बघते हे वाचलं तेव्हा मी पत्र घडी करून ठेवलं आणि बराच वेळ फावडं घासत बसलो. तिचं मला कळतं. एकोणतीस वर्षं मी तेच तर करतोय.

शिवी पत्रातून पाठवणं सोपं आहे. मधे दोन नद्या असल्या की कोणीही शूर होतो. म्हणून मी येतो. पेरण्यांच्या आधी, वाटेवरच्या लष्करी चौक्यांनी सोडलं तर जूनच्या मध्याला. नवी काही आणत नाही. जुनीच आणतो, बारावी. तोंडावर म्हणेन. मग तू काय करतोस ते बघू, आणि मी काय करतो तेही बघू.

मुसळ कुठे ठेवलंय ते सिगाला विचारून ठेव.

लांदिंग


फातिक, ५ जुलै १९९२

गुलामा,

घरी परत पोचल्याचं कळवलंस, बरं झालं. तांदळाचं पोतं आणलंस म्हणून सिगा खूश आहे, आणि तू आमचा बाजरीचा कुसकुस तीन वेळा मागून खाल्लास हे तिने साऱ्या गावाला सांगितलंय. आता तुमच्यात भाताची बढाई मारायला तोंड राहिलं नाही.

त्या दिवशी तू समोरच होतास, पण तुला माझं तोंड दिसत होतं, आतलं दिसत नव्हतं. म्हणून लिहितो.

तू कुंपणापाशी दिसलास तेव्हा मी गोरखचिंचेखाली चटईवर होतो. माझे गुडघे गेलेत. उठायचं तर आधी दोन हात टेकायचे, मग दोन गुडघे, मग कुणीतरी ओढायचं. तुला बघून घाई केली आणि नेमका तसाच अडकलो. तू पिशवी खाली ठेवलीस. मला बघितलंस. तुझा आवाज कापत होता, ऐकू आलं मला. 'माझा गुलाम अजून चार पायांवरच आहे. यंदा दावं मी घेऊनच आलोय.' आणि खरोखरच पिशवीतून ताडाच्या दोऱ्याचं दावं काढलंस.

सिगा उठून मुसळावर जाऊन बसली. तिला वाटतं मी पाहिलं नाही. तुझा उजवा खांदा मागे सरकला, तोही मी पाहिला.

तू विचारलं नाहीस, पण तुला जाणून घ्यायचं असेल. राग आला होता. तुला खोटं कशाला सांगू. तीच वाळू, तेच चार पाय, तेच वाक्य, आणि तो नेहमीसारखा बरगड्यांखालून गरम होत वर आला. मी म्हटलं, संपलं. मग मी मान वर करून तुझ्याकडे बघितलं. तू घाबरला होतास आणि तरी उभा होतास. हातात ते दावं धरून, दोन नद्या ओलांडून आलेला साठीचा माणूस, जागचा हलत नाही. मला इतकं हसू आलं लांदिंग, की त्याला आत जागाच उरली नाही.

मग मी बैलासारखा हंबरलो, ते मात्र मुद्दाम.

पुढचं तू पाहिलंस, तरी मला लिहायचंय. भांडी खणखणली. दिबोर बाहेर आली. आधी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तू दावं तिच्या हातात दिलंस. तिने ते माझ्या गळ्यात घातलं आणि पाठीवर चढली. तू तोंड फिरवून उभा राहिलास. भातखाऊ लोक रडके असतात हे आम्ही पहिल्यापासून म्हणतोच.

आईच्या थडग्यापाशी तू काय पुटपुटत होतास ते ऐकू आलं नाही. परत येताना हसत होतास, तेव्हा तिने उलट उत्तर दिलं असणार. माझ्या वेळी मोठ्याने बोल, लोकांना ऐकू गेलं पाहिजे.

परवा जावई रेडिओवरून पुन्हा टोमणा मारून गेला. एकच शिवी लागली. बारावी. आता बारा मोजतो.

दावं तू इथेच विसरलास. सिगा म्हणते विसरला नाही, ठेवून गेलाय. दाराशी खुंटीला लावलंय, दिबोरचा हात पोचेल इतक्या खाली. ती रोज सकाळी उठते, ते काढते, माझ्या चटईपाशी येते आणि म्हणते, 'आजोबा, चार पायांवर.'

गुडघे फार दुखतात. मी होतो.

तुझा मालक,
लातीर